एनटीएलएम बंद करायचे आहे? आधी ते कोण वापरते ते शोधा

ऑडिटरच्या अहवालात एक ओळ येते: ‘एनटीएलएम बंद करावे.’ संचालक मंडळाच्या बैठकीत ती वाचली जाते आणि संगणक सांभाळणाऱ्याकडे सोपवली जाते. तो शनिवारी संध्याकाळी सर्व्हरवर एक सेटिंग बदलून घरी जातो. सोमवारी सकाळी पहिला फोन येतो तो स्कॅनरसाठी: स्कॅन केलेली कागदपत्रे फोल्डरमध्ये जात नाहीत. मग हजेरीच्या मशीनचा. मग लेखा विभागाचा. डेस्कटॉपवरच्या ‘हिशोब’ फोल्डरवर क्लिक केले की पासवर्ड विचारला जातो आणि बरोबर पासवर्ड दिला तरी नाकारला जातो. जेवणाच्या सुट्टीआधी सेटिंग पूर्ववत होते आणि पुढची दोन वर्षे त्या विषयाला कोणी हात लावत नाही.

पतसंस्था, महाविद्यालये, रुग्णालये, मध्यम आकाराचे कारखाने अशा सगळ्या ठिकाणांहून याच गोंधळाचे प्रश्न येत राहतात. आमच्याकडे डोमेन आहे, म्हणजे नवी पद्धत चालूच असेल ना? नवीन लॅपटॉपवरून जुने शेअर फोल्डर का उघडत नाही? जुना स्कॅनर टाकून द्यावा लागेल का? हे काम अवघड आहे यात शंका नाही, पण त्यातली बहुतेक अडचण तांत्रिक नसून माहितीची असते. जुनी पद्धत नेमके कोण वापरते आहे, याची नोंद कुठेच नसते. ती नोंद तयार केलीत की निम्म्याहून अधिक गाठी आपोआप सुटतात.

नेमके काय बदलायचे आहे

विंडोजच्या नेटवर्कवर एका संगणकाने दुसऱ्याला आपली ओळख पटवून देण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. एनटीएलएम ही १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेली. तिची सुधारित दुसरी आवृत्ती १९९८ मध्ये आली. कर्बेरॉस ही अमेरिकेतल्या एमआयटीच्या अथेना प्रकल्पात जन्मलेली पद्धत. विंडोज २००० पासून डोमेनमध्ये पहिली पसंती तिलाच आहे.

निर्णय घेण्यापुरता फरक असा. एनटीएलएममध्ये सर्व्हर एक आकडा पाठवतो आणि तुमचा संगणक पासवर्डच्या हॅशने, म्हणजे पासवर्डपासून गणिताने काढलेल्या खुणेने, त्याचे उत्तर तयार करतो. समोरचा सर्व्हर खरा आहे की तोतया, हे यात तपासले जात नाही. त्यामुळे मध्ये बसलेला माणूस ते उत्तर पकडून दुसऱ्याच सर्व्हरवर तुमच्या नावाने शिरू शकतो. हॅशच चोरीला गेला तर पासवर्ड माहीत असण्याचीही गरज उरत नाही. कर्बेरॉसमध्ये डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळी खाती सांभाळणारा मध्यवर्ती सर्व्हर, ठरावीक सेवेसाठी, ठरावीक मुदतीचे तिकीट देतो. एका सेवेचे तिकीट दुसरीकडे चालत नाही.

हा धोका पुस्तकी नाही. मार्च २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आउटलुकमधली एक चूक दुरुस्त केली. हल्लेखोर खास बनवलेले स्मरणपत्र पाठवायचा. त्यात घंटीच्या आवाजाची फाइल त्याच्या स्वतःच्या सर्व्हरवर असल्याचे लिहिलेले असे. आउटलुक ती फाइल आणायला जाई आणि जाताना एनटीएलएमचे उत्तर देऊन येई. माणसाने मेल उघडण्याचीही गरज नव्हती. त्याआधी जुलै २०२१ मध्ये ‘पेटिटपोटॅम’ नावाच्या युक्तीने दाखवून दिले होते की खुद्द डोमेन कंट्रोलरलाच हल्लेखोराकडे एनटीएलएमने ओळख द्यायला भाग पाडता येते.

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये ही पद्धत टप्प्याटप्प्याने निवृत्त करण्याची दिशा जाहीर केली आणि जून २०२४ मध्ये तिच्या सर्व आवृत्त्या कालबाह्य ठरवल्या. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून आणि विंडोज सर्व्हर २०२५ मधून पहिली आवृत्ती काढूनच टाकली आहे. दुसरी अजून चालते, म्हणून तुम्हाला तयारीला वेळ आहे. पहिल्या आवृत्तीच्या बाबतीत मात्र थांबायला वेळ नाही. जानेवारी २०२६ मध्ये मॅन्डियंट या सुरक्षा कंपनीने तिची उत्तरे फोडण्याचे तयार तक्ते सर्वांसाठी खुले केले. सहाशे डॉलरपेक्षा कमी किमतीच्या यंत्रावर १२ तासांच्या आत किल्ली मिळते, असे कंपनीनेच सांगितले आहे.

‘डोमेन आहे म्हणजे कर्बेरॉस आहे’

हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. विंडोज आधी कर्बेरॉस वापरून पाहते आणि ते जमले नाही की गुपचूप एनटीएलएमवर येते. पडद्यावर काहीच दिसत नाही. फोल्डर उघडते, काम होते. अशी वर्षेच्या वर्षे निघून जातात.

हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला पाच मिनिटे पुरतात. डोमेनमधल्या एखाद्या संगणकावर काळी कमांड खिडकी उघडा. ‘केलिस्ट पर्ज’ ही आज्ञा देऊन साठलेली तिकिटे पुसा. आता शेअर फोल्डर आयपी पत्त्याने उघडा, म्हणजे १९२.१६८ ने सुरू होणारे आकडे टाकून. फोल्डर उघडेल. पुन्हा ‘केलिस्ट’ टाका: त्या सर्व्हरचे तिकीट यादीत नसेल. मग तोच फोल्डर सर्व्हरच्या पूर्ण नावाने उघडा आणि तिसऱ्यांदा ‘केलिस्ट’ टाका. यादीत ‘सीआयएफएस’, पुढे तिरकी रेघ आणि सर्व्हरचे नाव असे तिकीट दिसेल. खाली ते कधी सुरू झाले आणि कधी संपणार याच्या वेळा असतील. मुद्दाम काही बदलले नसेल तर दोन्हींमध्ये दहा तासांचे अंतर असते.

फोल्डर तोच, माणूस तोच. फक्त पत्ता आकड्यांत लिहिला म्हणून जुनी पद्धत वापरली गेली. तुमच्या कार्यालयात डेस्कटॉपवरचे किती शॉर्टकट आकड्यांनी बनवलेले आहेत, ते एकदा फिरून पाहा. बसवणाऱ्याने घाईत आकडे टाकले, चालले, आणि मग तोच शॉर्टकट प्रत्येक नव्या संगणकावर कॉपी होत गेला. ही एक सवय सुधारली तरी नोंदींतली मोठी गर्दी कमी होते.

नवीन लॅपटॉपवरून जुने फोल्डर उघडत नसेल तर

लगेच एनटीएलएमला दोष देऊ नका. विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये एकाच वेळी बरेच दरवाजे घट्ट केले गेले आहेत. कारण वेगळे काढल्याशिवाय उपाय करू नका:

- जोडणीवर डिजिटल सही सक्तीची झाली आहे आणि जुन्या स्टोरेज बॉक्सला ती करता येत नाही.
- फोल्डर पासवर्डशिवाय, ‘गेस्ट’ म्हणून उघडे ठेवलेले आहे. हे आता नाकारले जाते.
- बॉक्सला फाइल देवाणघेवाणीची पहिली, एसएमबी १ ही पद्धतच येते. २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो याच पद्धतीतल्या चुकीतून. ती पुन्हा चालू करू नका.
- बॉक्स फक्त एनटीएलएमची पहिली आवृत्ती बोलतो. अनेकदा उत्पादकाचे नवे फर्मवेअर टाकले की दुसरी आवृत्ती मिळते.

पहिली पायरी: बंद काहीच न करता ऐका

ग्रुप पॉलिसीमध्ये ‘रिस्ट्रिक्ट एनटीएलएम’ या नावाने सुरू होणाऱ्या सेटिंग आहेत. नाव ‘रोखा’ असे असले तरी त्यांत फक्त नोंद घेण्याचे पर्यायही आहेत, आणि सध्या तेवढेच निवडायचे आहेत: येणाऱ्या वाहतुकीची नोंद, जाणाऱ्या वाहतुकीची नोंद आणि डोमेन कंट्रोलरवर संपूर्ण डोमेनची नोंद. निवडताना ‘ऑडिट’ आणि ‘डिनाय’ हे शब्द दोनदा वाचा. सुरुवातीला सांगितलेला सोमवार एवढ्याशा चुकीनेही येतो.

नोंदी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये एनटीएलएमच्या ‘ऑपरेशनल’ विभागात जमा होतात. ८००४ क्रमांकाची नोंद डोमेन कंट्रोलरवर मिळते आणि कोणत्या खात्याने कोणत्या सर्व्हरसाठी जुनी पद्धत वापरली ते सांगते. ८००१ ही संगणकावरची नोंद जास्त कामाची, कारण कोणत्या प्रोग्रामने ती वापरली तेही तिच्यात दिसते. संगणकाचे नाव रिकामे आले तर सर्व्हरवर त्याच वेळेची ४६२४ क्रमांकाची नोंद पाहा. तिथे आयपी पत्ता मिळतो. पहिली आवृत्ती कोण वापरते, तेही याच ४६२४ मध्ये समजते. एक इशारा मात्र हवा. ‘ॲनॉनिमस लॉगऑन’ या नावापुढे पहिली आवृत्ती लिहिलेली दिसली तर घाबरू नका. त्या सत्रात खरे तर कोणाचाच पासवर्ड वापरलेला नसतो. अशा ओळी आधी गाळून टाका, नाहीतर नसलेल्या शत्रूच्या मागे आठवडा जाईल.

या नोंदवहीचा ठरलेला आकार लहान असतो आणि भरली की जुन्या ओळी पुसल्या जातात. तो वाढवा किंवा नोंदी रोज दुसरीकडे गोळा करा.

ऐकायचे किती दिवस? आठवडाभर नक्कीच पुरत नाही. पगार महिन्यातून एकदा होतो, टीडीएसचे विवरणपत्र तिमाहीला जाते, महाविद्यालयात प्रवेशाचे सॉफ्टवेअर जून-जुलैतच उघडते, आणि ३१ मार्चच्या रात्री असे प्रोग्राम चालतात जे वर्षभर झोपलेले असतात. किमान एक पूर्ण तिमाही ऐका. वर्षातून एकदाच होणाऱ्या कामांची यादी मात्र यंत्राकडून मिळणार नाही. त्यासाठी लेखापाल, ग्रंथपाल, भांडार सांभाळणारे यांच्याशेजारी बसून विचारा. हे संभाषण टाळू नका. कोणत्याही साधनापेक्षा त्यातून जास्त हाती लागते.

दुसरी पायरी: यादीची वर्गवारी

एक साधी एक्सेल शीट करा. खाते, कुठून, कुठे, कोणता प्रोग्राम, जबाबदार माणूस आणि कारण असे रकाने ठेवा. ‘जबाबदार माणूस’ हा रकाना रिकामा ठेवू नका. कारणे बहुधा यांपैकीच निघतात:

- पत्ता आकड्यांत आहे. नावाने बदला. सर्व्हरला टोपणनाव दिलेले असेल तर ते ‘नेटडॉम’ या साधनाने त्या सर्व्हरचे अधिकृत पर्यायी नाव म्हणून नोंदवा. नुसती डीएनएसमधली ओळ पुरत नाही.
- सेवेची ओळख नोंदलेली नाही. कर्बेरॉसला प्रत्येक सेवेचे नाव, म्हणजे एसपीएन, डोमेनमध्ये असावे लागते. ते नसेल, किंवा एकच नाव दोन खात्यांवर असेल, तर तिकीट चालत नाही. ‘सेटएसपीएन’ला ‘एक्स’ हा पर्याय दिला की दुबार नावे समोर येतात. एसक्यूएल सर्व्हरच्या बाबतीत हे वारंवार घडते.
- घड्याळ चुकले आहे. पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की कर्बेरॉस नाकारले जाते.
- खाते त्या यंत्रापुरते, स्थानिक आहे. स्थानिक खात्याने नेटवर्कवरून शिरायचे तर आज एनटीएलएमच लागते. तिथे डोमेनचे खाते वापरा.
- यंत्र किंवा सॉफ्टवेअरलाच कर्बेरॉस येत नाही. याचा विचार पुढे वेगळा केला आहे.

याच यादीवरून जुनी सेवा-खातीही तपासा. बॅकअपसाठी किंवा डेटाबेससाठी पंधरा-वीस वर्षांपूर्वी काढलेले, ‘पासवर्ड कधीही बदलू नये’ अशी खूण केलेले एखादे खाते बहुतेक ठिकाणी असतेच. डोमेन २००८ च्या पातळीवर नेल्यापासून ज्या खात्याचा पासवर्ड बदललेलाच नाही, त्याच्याकडे एईएस या आजच्या पद्धतीची किल्लीच तयार झालेली नसते. पासवर्ड बदलला की ती तयार होते. बदलण्याआधी मात्र तो पासवर्ड कुठे कुठे लिहून ठेवलेला आहे ते शोधा. शेड्यूल केलेली कामे आणि सेवांची यादी हे पहिले ठिकाण.

स्कॅनर, हजेरी मशीन आणि इतर मुकी यंत्रे

बहुतेक संस्थांचे काम इथेच अडते, म्हणून इथे घाई नको. बहुउद्देशीय प्रिंटर स्कॅन केलेली फाइल शेअर फोल्डरमध्ये टाकतो तेव्हा तो एखाद्या खात्याने लॉगिन करतो. ते खाते कोणते आहे ते आधी प्रिंटरच्या ब्राउझरमधल्या पानावर जाऊन पाहा. तिथे डोमेन ॲडमिनिस्ट्रेटरचे खाते सापडले तर बाकी सगळे सोडून ते त्याच दिवशी बदला. प्रिंटरमधून तो पासवर्ड काढणे सर्व्हर फोडण्यापेक्षा कितीतरी सोपे असते.

त्यानंतरचे पर्याय, पसंतीच्या क्रमाने: त्याच पानावर कर्बेरॉसचा पर्याय शोधा, फर्मवेअर नवे केल्यावर तो अनेक यंत्रांत दिसू लागतो. नसेल तर स्कॅन ईमेलने किंवा एसएफटीपीने पाठवा. तेही नसेल तर फक्त स्कॅनसाठी वेगळे खाते, वेगळा फोल्डर आणि शक्य असल्यास वेगळा नेटवर्क-विभाग ठेवा आणि त्या एका सर्व्हरला अपवादाच्या यादीत टाका. चालते यंत्र केवळ यासाठी टाकून देणे लहान संस्थेला परवडत नाही आणि त्याची गरजही नसते. पुढच्या खरेदीच्या वेळी अट घाला.

महाविद्यालयांनी वायफायकडेही पाहावे. डोमेनच्या पासवर्डने वायफायला जोडण्याची एमएस-चॅप २ ही पद्धत एनटीएलएमच्याच घराण्यातली आहे. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून एंटरप्राइज आणि एज्युकेशन संगणकांवर ‘क्रेडेन्शियल गार्ड’ आपोआप चालू होऊ लागले, तेव्हा तिचे आपोआप लॉगिन थांबले आणि अनेकांना कारणच कळेना. टिकाऊ उपाय म्हणजे प्रमाणपत्रावर चालणारी ईएपी-टीएलएस पद्धत. ती उभारायला एक सत्र तरी धरून ठेवा.

डोमेनच नसेल तर

दहा-बारा संगणकांच्या कार्यालयात सगळे ‘वर्कग्रुप’मध्ये असतात आणि तिथे एनटीएलएमशिवाय सध्या पर्याय नाही. स्थानिक खात्यांनाही कर्बेरॉस वापरता यावे यासाठीची सोय मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये जाहीर केलेली आहे. ती हाती येईपर्यंत तीन मार्ग आहेत: विंडोज सर्व्हरचे डोमेन, मुक्त स्रोतातल्या साम्बाचे डोमेन (ही सोय २०१२ पासून आहे) किंवा क्लाउडवरची खाती. मनुष्यबळ नसताना डोमेन उभारून ते वाऱ्यावर सोडणे अधिक धोक्याचे. अशा कार्यालयाने फक्त दुसरी आवृत्ती चालू ठेवावी, जोडणीवरची सही सक्तीची करावी आणि प्रत्येक यंत्राचा ॲडमिन पासवर्ड वेगळा ठेवावा. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. सगळीकडे एकच पासवर्ड असेल तर एका यंत्रावरचा हॅश चोरणाऱ्याला सगळी यंत्रे उघडतात.

बंद करण्याचा क्रम

१. आधी पहिली आवृत्ती आणि त्याहून जुने लॅन मॅनेजर. ‘लॅन मॅनेजर ऑथेंटिकेशन लेव्हल’ ही सेटिंग शेवटच्या, पाचव्या पातळीवर न्या. नोंदीत पहिली आवृत्ती दिसत नसेल तर हे लगेच करता येते.

२. मग ॲडमिनची खाती ‘प्रोटेक्टेड युजर्स’ गटात टाका. या गटातल्या खात्याला एनटीएलएम वापरताच येत नाही. एकाच खात्याने सुरुवात करा आणि आणीबाणीसाठी एक खाते गटाबाहेर ठेवा. सेवा-खाती इथे टाकू नका. रिमोट डेस्कटॉपला आयपी पत्ता टाकून जायची सवय असेल तर ती त्याच दिवशी मोडेल, हे सहकाऱ्यांना आधी सांगा.

३. नंतर एका विभागाचे संगणक, मग एकेक सर्व्हर. अपवादांची यादी आधी भरलेली हवी.

४. डोमेन कंट्रोलर शेवटी.

प्रत्येक टप्पा मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी करा, शनिवारी नको. माणसे कामावर असताना बिघाड लगेच कळतो आणि दुरुस्त करणारेही समोर असतात. महिनाअखेर आणि मार्च टाळा. सेटिंग पूर्ववत करण्याची कृती कागदावर छापून ठेवा, कारण लॉगिनच बंद पडले तर सर्व्हरवरची फाइल उघडणार नाही.

कायदा काय मागतो आणि तुम्ही काय मागू शकता

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या, सेवा पुरवठादार, डेटा सेंटर आणि सरकारी संस्था यांनी ठरावीक प्रकारच्या सायबर घटना सहा तासांत कळवायच्या आहेत आणि प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत. घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आहेत. म्हणजे कर्बेरॉससाठी घड्याळ दुरुस्त कराल तेव्हा हेही काम होऊन जाते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले.

सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याकडून तुम्ही लेखी उत्तर मागा: उत्पादन एनटीएलएमशिवाय चालते का, नसेल तर कोणत्या आवृत्तीपासून चालेल? ‘चालेल साहेब, काही प्रॉब्लेम नाही’ हे तोंडी उत्तर स्वीकारू नका. एएमसीचे नूतनीकरण हा ही अट घालण्याचा योग्य क्षण असतो, कारण तेव्हा पैसे अजून तुमच्या हातात असतात. बदल कधी होणार हे आधी कळणे हा कर्मचाऱ्यांचाही हक्क आहे, आणि ‘चाचणीसाठी’ त्यांचा पासवर्ड कोणी मागू नये.

सगळे बंद झाल्यावरही नोंद घेणे थांबवू नका. सहा महिन्यांनी कोणीतरी नवा स्टोरेज बॉक्स आणतो, बसवणारा पत्ता आकड्यांत टाकून निघून जातो, आणि ८००४ ची ओळ पुन्हा उमटते. ती ओळ दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कोण पाहणार, त्याचे नाव त्याच एक्सेल शीटच्या वरच्या ओळीत लिहून ठेवा.